जुन्या ऑफिस पार्कच्या जागी नवी वस्ती : न्यू जर्सीतील रहिवाशांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मराठी माणसांपैकी अनेकांची पहिली नोकरी महामार्गालगतच्या एखाद्या ऑफिस पार्कात झाली. त्यांतली बरीच पार्के आता ओस पडली असून, गावोगावच्या प्लॅनिंग बोर्डांपुढे (बांधकामाचे अर्ज तपासणाऱ्या स्थानिक मंडळांपुढे) त्यांच्या जागी घरे, दुकाने आणि बागा उभारण्याचे प्रस्ताव येत आहेत. गेली काही वर्षे माझ्या गावातल्या अशा सुनावण्यांना मी नियमितपणे जातो. तिथे आणि ओळखीच्या घरांतून जे प्रश्न पुन्हापुन्हा ऐकू येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ती कायदेशीर सल्ल्याची जागा घेत नाहीत, पण सुनावणीला जाण्यापूर्वी वाचून जावीत एवढी तरी उपयोगी पडावीत, अशी अपेक्षा आहे.

ऑफिस पार्के शहरे सोडून शेतांमध्ये का उभी राहिली?

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांनी शहरातील गर्दी सोडून उपनगरांत जागा घेतल्या. बेल लॅब्स या टेलिफोन-संशोधन संस्थेचे मरे हिल येथील आवार तर युद्धकाळातलेच आहे. १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणायला सुरुवात झाली, जमीन स्वस्त होती आणि कर्मचारी मोटारीने येतील हे गृहीत धरलेले होते. हिरवळ, तळे, मधोमध दोन-तीन मजल्यांची लांबरुंद इमारत आणि तिला वेढून पसरलेले पार्किंग, असा त्याचा साचाच ठरून गेला. गावांनीही झोनिंगच्या नियमांत या जमिनीवर ऑफिसखेरीज दुसरे काही बांधता येणार नाही, अशी तरतूद करून ठेवली. कर मिळतो आणि शाळेत मुले येत नाहीत, हा हिशेब त्यामागे होता. आजच्या अडचणींपैकी निम्म्या अडचणी त्या हिशेबातून आल्या आहेत, असे माझे मत आहे.

ही पार्के महामारीमुळेच रिकामी झाली ना?

नाही. घरून काम करण्याच्या पद्धतीने शेवटचा धक्का दिला, पण पडझड आधीच सुरू झाली होती. न्यू जर्सीची ऑफिस पार्के प्रामुख्याने दूरसंचार आणि औषधनिर्माण या दोन उद्योगांवर उभी होती. या कंपन्यांची विलीनीकरणे झाली, तेव्हा एकाच वेळी संपूर्ण आवार मोकळे झाले. रोश कंपनीने नटली आणि क्लिफ्टन या दोन गावांच्या सीमेवरील आपले शंभरावर एकरांचे आवार बंद करण्याचे २०१२ मध्ये जाहीर केले, तेव्हा महामारी कुणाच्या स्वप्नातही नव्हती. दुसरीकडे तरुण कर्मचाऱ्यांचा ओढा जर्सी सिटी, होबोकेन अशा रेल्वेलगतच्या शहरांकडे वळला आणि कंपन्याही त्यांच्यामागे गेल्या. ज्या इमारतीत एकच भाडेकरू असतो, ती हळूहळू रिकामी होत नाही; तो भाडेकरू गेला की एका शुक्रवारी सगळे दिवे मालवतात.

खाजगी इमारत रिकामी राहिली तर माझे काय बिघडते?

तुमच्या घराच्या करात भर पडते. इमारतीला भाडेकरू नसेल तर तिचे मूल्य उतरते आणि मालक कर-अपील दाखल करून मूल्यांकन कमी करून घेतो. न्यू जर्सीत मालमत्ता कराचा साधारण निम्मा भाग शाळांकडे जातो आणि काही भाग काउंटीकडे (जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाकडे) जातो; परंतु अपील मंजूर झाल्यावर परतावा द्यावा लागतो तो एकट्या गावाच्या तिजोरीतून, कारण शाळा आणि काउंटी यांचा वाटा गावाने आधीच पूर्ण चुकता केलेला असतो. हे खिंडार बुजवण्यासाठी उरलेल्या घरमालकांचा कर वाढतो. “रिकामे आहे तर राहू दे, निदान गर्दी तरी नाही,” असे म्हणणाऱ्या शेजाऱ्यांनी या बाबीचा अवश्य विचार करावा.

नवीन बांधकाम कशाला? आहे त्याच ऑफिसांची घरे का करत नाहीत?

हा प्रश्न प्रत्येक सुनावणीत येतो, आणि तो रास्त आहे. अडचण इमारतीच्या रुंदीत असते. घराच्या प्रत्येक झोपण्याच्या खोलीला खिडकी लागते. मधोमध मार्गिका आणि तिच्या दोन्ही बाजूंना घरे अशी रचना केली, तर साधारण साठ-सत्तर फूट रुंदीपर्यंत उजेड नीट पोचतो. उपनगरी ऑफिसांचे मजले मात्र त्याच्या जवळजवळ दुप्पट रुंद असतात, कारण त्यांत मधल्या भागात नळीच्या दिव्यांखाली टेबलांच्या रांगा मांडायच्या असत. अशा मजल्याचे घर केले की दर्शनी बाजूला एक खोली उजेडाची आणि मागे अंधाराचा लांबच लांब बोगदा उरतो.

दुसरी अडचण नळांची. ऑफिसच्या मजल्यावर स्वच्छतागृहे लिफ्टजवळ एकाच ठिकाणी असतात. घरे करायची तर प्रत्येक घरात न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांच्यासाठी फरशीला भोके पाडून पाइप न्यावे लागतात. खिडक्या उघडत नाहीत, वातानुकूलन सगळ्या मजल्याचे एकत्र असते. शहरातील जुन्या, अरुंद, उंच इमारतींत हा बदल परवडतो, कारण तिथे जमीनच इतकी महाग असते की सांगाडा वाचवण्यात अर्थ असतो. उपनगरात दोन मजली इमारत पाडणे बहुधा स्वस्त पडते. पार्सिपनी येथे रूट १० वरील जुने ऑफिस संकुल पाडून सुमारे ५०० अपार्टमेंट आणि दुकाने बांधण्यात आली, ती याच कारणाने. पाडकामात वाया जाणाऱ्या काँक्रीट-पोलादाचे मलाही वाईट वाटते. पण काळोख्या घरांत माणसांना राहायला सांगणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

मग होम्डेलची बेल लॅब्सची इमारत कशी वाचली?

होम्डेलचे उदाहरण सविस्तर पाहण्यासारखे आहे. १९६२ मध्ये सुरू झालेली ही इमारत फिनलंडमध्ये जन्मलेले वास्तुविशारद ईरो सारिनेन यांनी आखली होती. बाहेरून आरशासारखी काच, आत छतापर्यंत उंच असा सुमारे पाव मैल लांबीचा चौक, पुढील विस्तारानंतर जवळजवळ २० लाख चौरस फूट क्षेत्र, भोवती ४७२ एकर जमीन आणि प्रवेशापाशी ट्रान्झिस्टरच्या आकाराची तीन पायांची पाण्याची टाकी. भरभराटीच्या काळात सुमारे ६,००० जण येथे काम करीत. लेसरच्या साहाय्याने अणू थंड करण्याचे स्टीव्हन चू यांचे काम येथेच झाले आणि त्यासाठी त्यांना १९९७ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

२००६ मध्ये बेल लॅब्सची तेव्हाची मालक कंपनी ल्युसेंट हिने ही मालमत्ता विकायला काढली. पहिल्या इच्छुक विकसकाचा बेत इमारत पाडण्याचा होता. त्याला शास्त्रज्ञांनी, वास्तुरचनाप्रेमींनी आणि गावकऱ्यांनी विरोध केला, आणि काही वर्षे तो भव्य काचमहाल रिकामाच उभा राहिला. अखेर २०१३ मध्ये सॉमरसेट डेव्हलपमेंटने तो २ कोटी ७० लाख डॉलरना घेतला आणि ‘बेल वर्क्स’ असे नाव देऊन तो पुन्हा उघडला. २०१७ मध्ये त्याची नोंद ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत झाली.

येथे एक बाब नीट लक्षात घ्यावी. या इमारतीत घरे नाहीत. घरे आवाराच्या जमिनीवर वेगळी बांधली गेली. त्यांपैकी १८५ पंचावन्न वर्षांवरील रहिवाशांसाठी राखीव आहेत आणि ४० स्वतंत्र बंगले आहेत. इमारतीत ऑफिसे राहिली, पण एका कंपनीची नव्हे, अनेकांची. आणि तळमजल्याचा चौक सर्वांना खुला झाला. जानेवारीच्या एखाद्या दुपारी तिथे जाऊन बसावे. बाहेर गोठवणारी थंडी असते. आत बाबागाडी ढकलणाऱ्या आया असतात, काठी टेकत फेऱ्या मारणारे आजोबा असतात, गावच्या वाचनालयातून पुस्तके घेऊन निघालेली मुले असतात आणि लॅपटॉप बंद करून कॉफीसाठी खाली आलेली मंडळी असतात. जिथे पूर्वी ओळखपत्राशिवाय दारातून आत पाऊल टाकता येत नव्हते, तिथे हे घडते, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

तरीही त्याची मर्यादा सांगितली पाहिजे. होम्डेल गावात रेल्वे स्थानक नाही, आणि त्या चौकात चालणारे बहुतेक सगळे जण मोटारीनेच आलेले असतात. छताखाली एक सुंदर रस्ता तयार झाला, परंतु छताबाहेर रस्त्यांचे जाळे झाले नाही. शिवाय सारिनेन यांची इमारत प्रत्येक गावात नसते. तुमच्या गावातील तपकिरी विटांच्या तीन मजली ठोकळ्यासाठी होम्डेलचा दाखला कुणी दिला, तर तो किती लागू पडतो हे तपासून पाहावे.

‘मिश्र वापर’ म्हणजे नेमके काय? प्रत्येक विकसक हाच शब्द वापरतो.

म्हणूनच तो शब्द ऐकून समाधान मानू नये, नकाशा मागावा. पार्किंगच्या एका टोकाला अपार्टमेंटची इमारत, दुसऱ्या टोकाला किराणा दुकान आणि मध्ये सहाशे फूट डांबर, हाही कागदोपत्री मिश्र वापरच ठरतो. पण त्या घरातील बाईंना दुधाची पिशवी आणण्यासाठी मोटार काढावी लागत असेल, तर ती वस्ती झाली नाही. ऑफिस पार्कचेच घर पार्क झाले.

वस्ती रस्त्यांनी होते. जुन्या गावांमध्ये एका चौकातून दुसऱ्या चौकापर्यंत चालत दोन-तीन मिनिटे लागतात, इमारती पदपथाला खेटून असतात, आणि रस्ते पलीकडच्या आळीला मिळतात. ऑफिस पार्कची रचना याच्या नेमकी उलट असते. आत शिरायला एकच फाटा, आतमध्ये गोल फिरून पुन्हा त्याच फाट्यावर येणारा रस्ता, आणि शेजारच्या घरांच्या दिशेला झाडीची भिंत. त्यामुळे नवीन आराखड्यात किती घरे आहेत हे पाहण्याआधी किती नवे सार्वजनिक रस्ते आहेत आणि ते आजूबाजूच्या कोणत्या रस्त्यांना जोडले जाणार आहेत, हे पाहावे. आराखड्याची माझ्या लेखी ही पहिली आणि सर्वांत महत्त्वाची कसोटी आहे.

जागेची उणीव नसते. उपनगरी ऑफिसांना पूर्वी दर हजार चौरस फुटांमागे चार मोटारींची जागा ठेवावी लागे. येण्याजाण्याची वाट धरून एका मोटारीला तीनशेहून अधिक चौरस फूट लागतात. म्हणजे हजार फुटांच्या ऑफिसाला बाराशे फुटांहून अधिक पार्किंग! आमच्या गावातील बंद पडलेल्या आवारात संध्याकाळी फेरफटका मारला, तेव्हा डांबराच्या भेगांतून गुडघाभर गवत वर आलेले दिसले. कर्मचाऱ्यांच्या जागांचे पुसट झालेले क्रमांक अजून वाचता येत होते, आणि तळ्याकाठच्या बदकांखेरीज तिथे कुणी नसताना खांबांवरचे सगळे दिवे चालू होते. नवी वस्ती याच डांबरावर बसवता येते. त्यासाठी झाडे तोडण्याची गरज बहुधा पडत नाही.

इतर राज्यांतही हाच धडा मिळतो. कॅलिफोर्नियात सॅन रॅमोन येथील ५८५ एकरांच्या बिशप रँचमध्ये आधी २०१८ मध्ये रेन्झो पियानो यांनी आखलेला बाजारचौक उघडला आणि नंतर, २०२० मध्ये, गावाने तिथे ४,५०० घरांच्या आराखड्याला मंजुरी दिली. नॉर्थ कॅरोलिनातील १९५९ साली स्थापन झालेल्या रिसर्च ट्रँगल पार्कमध्ये कित्येक दशके घर बांधायला परवानगीच नव्हती. आता त्याच्या मध्यभागी घरे आणि दुकाने उभी राहत आहेत.

गाव एखाद्या जागेला ‘पुनर्विकासाची गरज असलेले क्षेत्र’ कसे ठरवते?

यासाठी १९९२ चा स्थानिक पुनर्विकास आणि गृहनिर्माण कायदा लागू होतो. गावची समिती किंवा कौन्सिल ठराव करून प्लॅनिंग बोर्डाला तपासणी करायला सांगते. बोर्ड नियोजनकाराकडून अहवाल घेते, जाहीर सुनावणी ठेवते आणि शिफारस करते. त्यानंतर कौन्सिल क्षेत्र घोषित करते. पुढे पुनर्विकास आराखडा वटहुकूम (गावचा स्थानिक कायदा) म्हणून मंजूर होतो आणि जुन्या झोनिंगची जागा घेतो किंवा त्यावर बसतो. २०१९ मध्ये कायद्यातील निकषांत दुरुस्ती होऊन ऑफिस पार्के आणि मॉल यांचा स्पष्ट उल्लेख आला. सलग किमान दोन वर्षे मोठ्या प्रमाणावर रिकाम्या असलेल्या इमारती आता त्या निकषात बसू शकतात.

सर्वसामान्य रहिवासी येथे एक चूक हमखास करतात. विकसकाच्या साइट प्लॅनची (प्रत्यक्ष बांधकामाच्या नकाशाची) सुनावणी असते तेव्हा सभागृह भरते, पण तोवर घरांची संख्या, उंची आणि रस्त्यांची जागा आराखड्यातच ठरून गेलेली असते, आणि त्या चौकटीत बसणारा अर्ज नाकारणे बोर्डाला कठीण जाते. आराखड्याच्या वटहुकमावर सुनावणी होते तेव्हा मात्र बाके रिकामी असतात. जायचे असेल तर तेव्हा जावे.

याचा अर्थ गाव कुणाचीही जागा सक्तीने घेऊ शकते का?

२०१३ च्या दुरुस्तीनंतर गावाला सुरुवातीलाच सांगावे लागते की हे क्षेत्र सक्तीच्या संपादनाच्या अधिकारासह घोषित करायचे आहे की त्याविना. ऑफिस पार्कांच्या बाबतीत मालक स्वतःच विकायला किंवा बांधायला उत्सुक असतो, त्यामुळे सक्तीचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. तुमची मालमत्ता अशा क्षेत्रात येत असेल आणि घोषणेला आव्हान द्यायचे असेल, तर मुदत ४५ दिवसांची आहे. सूचना हाती पडताच वकिलाला भेटावे.

परवडणारी घरे का सक्तीची असतात? त्याने घरांच्या किमती पडतील का?

न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये माउंट लॉरेल गावाच्या खटल्यात निकाल दिला की, झोनिंगचा वापर करून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना गावाबाहेर ठेवता येणार नाही. १९८३ च्या दुसऱ्या निकालाने त्याला धार आणली. २०२४ च्या नव्या कायद्यानुसार प्रत्येक गावाला २०२५ ते २०३५ या दशकासाठी परवडणाऱ्या घरांचा आपला वाटा ठरवून जागा दाखवावी लागते. न दाखवल्यास विकसक न्यायालयातून गावाच्या मर्जीविरुद्ध दाट बांधकामाची मुभा मिळवू शकतो. पूर्वी ऑफिस किंवा दुकाने असलेल्या जागेवर अशी घरे बांधली, तर गावाला आपला वाटा पुरा करताना त्यांचे जादा गुणही मिळतात. जंगल किंवा शेत वाचवून हे दायित्व पार पाडायचे असेल, तर ऑफिस पार्क हीच सर्वांत शहाणपणाची जागा आहे.

या घरांत कोण राहते, हेही पाहावे. प्रादेशिक मध्यम उत्पन्नाच्या ८० टक्क्यांपर्यंत कमावणारी कुटुंबे पात्र ठरतात. आपल्या मुलांच्या शाळेतील मदतनीस, इस्पितळातील तंत्रज्ञ, नुकतीच नोकरी लागलेली मुले, मुलाजवळ राहायला आलेले निवृत्त आईवडील यांतले अनेक जण त्या मर्यादेत बसतात. ‘तसले लोक’ हा शब्द सुनावणीत आपल्या माणसांच्या तोंडून ऐकला, तेव्हा मला मनापासून दुःख झाले. आपणही या गावांत एकेकाळी नवखे होतो.

शाळांवर भार पडेल का?

पडेल, पण बहुधा भीती वाटते तितका नाही. एक-दोन बेडरूमच्या अपार्टमेंटांतून चार बेडरूमच्या बंगल्यांच्या मानाने फारच कमी मुले शाळेत येतात. मात्र न्यू जर्सीतील नामांकित शाळांच्या हद्दीत दोन बेडरूमच्या घरातही दोन मुले घेऊन राहणारी कुटुंबे आहेत, आणि त्यांत आपली मंडळी पुष्कळ आहेत. म्हणून विकसकाच्या अहवालात राज्याची सरासरी दिली असेल, तर त्याच शाळा-हद्दीतील चालू अपार्टमेंटांतून प्रत्यक्ष किती मुले येतात, तो आकडा मागावा. शाळा प्रशासनाकडे तो असतो.

‘पायलट’ (पेमेंट इन ल्यू ऑफ टॅक्सेस) म्हणजे काय, आणि त्याला विरोध का होतो?

पुनर्विकास क्षेत्रात गाव विकसकाला इमारतीवरील नेहमीच्या मालमत्ता कराऐवजी कमाल ३० वर्षे वार्षिक शुल्क भरण्याची सवलत देऊ शकते. हे शुल्क बहुधा प्रकल्पाच्या उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्याने आकारतात. या रकमेपैकी ५ टक्के काउंटीला आणि उरलेले गावाला मिळतात. शाळांना त्यातून काही देण्याचे बंधन कायद्यात नाही. गावाला नेहमीच्या करातील आपल्या वाट्याहून जास्त रक्कम मिळते, म्हणून गाव खूश. मुले मात्र शाळेत येतात, म्हणून शाळा मंडळ नाराज. माझ्या मते योग्य मार्ग असा की, गावाने शाळांचा वाटा लेखी करारात बांधून द्यावा आणि सवलत नसती तर प्रकल्प खरोखर अडला असता का, हे आकड्यांनी सिद्ध करायला लावावे. सवलत सरसकट वाईट नाही. न मागता दिलेली सवलत वाईट.

रहदारी वाढेल का?

भरलेल्या ऑफिसच्या तुलनेत सकाळची गर्दी बहुधा कमी होते. रिकाम्या ऑफिसच्या तुलनेत अर्थातच वाढते. अहवालात तुलना नेमकी कशाशी केली आहे, ते पाहावे.

घरे नको असतील तर गोदाम होऊ देणे बरे नाही का?

काही गावांनी तसे केले आहे. गोदामातून मुले येत नाहीत, पण दिवसरात्र ट्रक येतात आणि छताचे एकरच्या एकर पसरतात. हा निर्णय घेण्यापूर्वी गोदामाशेजारी राहणाऱ्या एखाद्या कुटुंबाकडे रात्री अकरा वाजता जाऊन बसावे.

पुण्याहून सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आईवडिलांना याचा काय उपयोग?

माझ्या आईला येथे कशाचेही दुःख नव्हते, फक्त “पायांना काम नाही,” असे ती म्हणे. कोथरूडला ती रोज भाजी आणायला, देवळात, वाचनालयात चालत जायची. येथे मुलगा कामावरून येईपर्यंत खिडकीशी बसायची. उपनगराची रचनाच मोटार चालवता न येणाऱ्या माणसाला घरात कोंडते, मग तो ऐंशी वर्षांचा असो की बारा. नव्या वस्तीत बाक, सावली, सपाट पदपथ, सार्वजनिक स्वच्छतागृह आणि रस्ता ओलांडायला पुरेसा वेळ देणारा सिग्नल या गोष्टी मागितल्या, तर त्यांचा खर्च एकूण खर्चाच्या मानाने अगदी किरकोळ असतो. पण मागितल्याशिवाय त्या आराखड्यात येत नाहीत.

हिंजवडीला हेच लागू पडते का?

थेट नाही. हिंजवडीतली अडचण रिकाम्या इमारतींची नसून तिथवर पोचण्याची आहे. मूळ चूक मात्र सारखी आहे : काम एका जागी, घर दुसऱ्या जागी आणि मध्ये एकच रस्ता.

सुनावणीत बोलायला फक्त काही मिनिटे मिळतात. काय विचारावे?

अगोदर आराखड्याची प्रत गावाच्या कार्यालयातून मागून घ्यावी. ती सार्वजनिक कागदपत्र आहे. मग तीनच प्रश्न तयार ठेवावेत, आणि त्यांची उत्तरे नोंदीत घ्यायला सांगावीत. नवे रस्ते गावाच्या मालकीचे आणि सर्वांना खुले राहणार का? दुकाने आणि बाग पहिल्या टप्प्यात बांधली जाणार, की घरे विकून झाल्यावर? सांडपाण्याच्या वाहिन्यांची क्षमता कुणी आणि केव्हा तपासली? दुसऱ्या प्रश्नावर अडून राहावे, कारण घरे उभी राहिली आणि दुकानांचा टप्पा पुढे ढकलला, असे वारंवार होते. टप्प्यांचा क्रम आणि न पाळल्यास होणारी कारवाई पुनर्विकास करारात लिहिलेली असेल, तरच गावाच्या हाती काही राहते. नाव आणि पत्ता सांगावा, इंग्रजी उच्चारांचा संकोच बाळगू नये, आणि शक्य असल्यास शेजारच्या दोन घरांतील माणसांना बरोबर न्यावे.